क्लच लिंकेज (शेव्हरोले सी-१० पिकअप)

क्लच लिंकेज म्हणजे चालकाने क्लचच्या पेडलवर दिलेला दाब इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध असलेल्या क्लचपर्यंत पोहोचवणारी दांडे, तरफा, सांधे आणि स्प्रिंग यांची साखळी होय. या लेखात शेव्हरोले कंपनीच्या १९६७ ते १९७२ या मॉडेल-वर्षांतील सी-१० या अमेरिकी पिकअप ट्रकवरील यांत्रिक लिंकेजची रचना, तिच्यात उद्भवणारे दोष, त्यांचे निदान आणि समायोजनाची पद्धत यांची माहिती दिली आहे. त्या काळातील इतर अनेक अमेरिकी पिकअप ट्रकांवरील लिंकेजही याच तत्त्वावर चालत असे. त्यामुळे निदानाचा क्रम त्यांनाही बऱ्याच अंशी लागू पडतो.

लिंकेज योग्य रीतीने जुळवलेली नसेल तर चांगला क्लचही लवकर निकामी होतो. ट्रक गिअरमध्ये असताना क्लच पूर्णपणे न सुटणे हे अपघाताचेही कारण ठरू शकते. दुसरीकडे, केवळ एक झिजलेला बुश बदलून आणि एक नट फिरवून जो दोष दूर झाला असता, त्यासाठी संपूर्ण गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च मालकाला सोसावा लागतो. म्हणून या विषयात समायोजनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व निदानाला आहे.

## पार्श्वभूमी

जनरल मोटर्सच्या सी आणि के मालिकेतील पिकअप ट्रकांची दुसरी पिढी १९६७च्या मॉडेल-वर्षापासून बाजारात आली आणि १९७२पर्यंत तिचे उत्पादन झाले. 'सी' हे अक्षर दोन चाकांना चालना असलेल्या, तर 'के' हे अक्षर चारही चाकांना चालना असलेल्या ट्रकांसाठी वापरले जाई. १०, २० आणि ३० हे आकडे अनुक्रमे अर्धा टन, पाऊण टन आणि एक टन या वर्गांचे निदर्शक होते. जीएमसी या भगिनी नाममुद्रेखालीही हेच ट्रक विकले जात. २५० घन इंच (४.१ लिटर) आणि २९२ घन इंच (४.८ लिटर) क्षमतेची सरळ रांगेतील सहा सिलिंडरची इंजिने, तसेच ३०७ आणि ३५० घन इंचांसारखी आठ सिलिंडरची व्ही-आकाराची इंजिने त्यांत बसवली जात. तीन गिअरचा गिअरबॉक्स आणि जड कामासाठी चार गिअरचा गिअरबॉक्स असे हातगिअरचे प्रकार उपलब्ध होते.

भारतात या पिढीतील ट्रकांची जुळणी झाली नाही. मात्र शेव्हरोले ट्रकांचे मुंबईशी त्यापूर्वीचे नाते आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला होता आणि १९५४ साली तो बंद होईपर्यंत तेथे शेव्हरोलेच्या मोटारी व ट्रक जुळवले जात.

१९८०च्या दशकात पिकअप ट्रकांवर द्रवदाबाने चालणारा क्लच रूढ होत गेला आणि दांड्या-तरफांची यांत्रिक लिंकेज मागे पडली. आज हे ट्रक जतन करणाऱ्या हौशी मालकांना आणि मेकॅनिकांना तिची रचना मुद्दाम समजून घ्यावी लागते.

## रचना

सी-१०च्या लिंकेजमधील प्रमुख भाग पुढीलप्रमाणे आहेत.

* पेडल आणि त्याचा कंस : पेडल वरून टांगलेले असते. त्याचा आधार केबिनच्या पुढील पत्र्याच्या भिंतीवर बसवलेला असतो. पेडल वर आल्यावर जेथे टेकते तेथे रबराचा थांबा असतो.
* पेडलचा दांडा : हा केबिनच्या भिंतीतून पलीकडे, इंजिनाच्या कप्प्यात जातो.
* आडवा दंड : याला त्याच्या आकारावरून 'झेड-बार' म्हणतात. ही एक पोकळ आडवी नळी असून तिच्यावर दोन तरफा वेगवेगळ्या दिशांना जोडलेल्या असतात. नळीचे एक टोक चॅसीवरील कंसात, तर दुसरे टोक इंजिनाच्या किंवा बेलहाउसिंगच्या बाजूला असलेल्या गोल डोक्याच्या खुंटीवर टेकते. दोन्ही टोकांना बुश असतात.
* समायोजनाचा दांडा : आडव्या दंडाच्या खालच्या तरफेपासून क्लच फोर्कपर्यंत जाणारा, आटे पाडलेला दांडा. त्याची लांबी कमी-अधिक करता येते आणि ती चेक नटाने पक्की केली जाते.
* क्लच फोर्क : बेलहाउसिंगच्या डाव्या बाजूच्या खिडकीतून बाहेर आलेली तरफ. आतील गोल खुंटीवर ती झुलते.
* रिलीज बेअरिंग : फोर्कच्या आतील टोकाला बसवलेले बेअरिंग. ते पुढे सरकून प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाब देते.
* परतीचा स्प्रिंग : फोर्कला मागे खेचून बेअरिंग बोटांपासून दूर ठेवणारा स्प्रिंग.

या रचनेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. केबिन, चॅसी आणि इंजिन हे ट्रकचे तीन स्वतंत्र भाग असून ते एकमेकांशी रबरी आधारांनी जोडलेले असतात. ट्रक चालू असताना हे तिन्ही भाग परस्परसापेक्ष हलत असतात. पेडल केबिनवर, आडव्या दंडाचे एक टोक चॅसीवर आणि दुसरे इंजिनावर, अशा रीतीने लिंकेज या तिघांनाही जोडते. दंडाची टोके गोल खुंटीवर बसवण्याचे कारण हेच की, इंजिन डोलले तरी दंड किंचित तिरपा व्हावा, परंतु क्लच आपोआप दाबला जाऊ नये. यावरून असेही दिसते की लिंकेजमधील दोषाचे मूळ कधी कधी लिंकेजच्या बाहेर, म्हणजे इंजिनाच्या किंवा केबिनच्या झिजलेल्या आधारांत असू शकते.

## कार्य

पेडल दाबले असता त्याचा दांडा आडव्या दंडाला फिरवतो. दंडाची खालची तरफ समायोजनाच्या दांड्याला ढकलते आणि तो दांडा फोर्कचे बाहेरचे टोक ट्रकच्या मागील दिशेने सरकवतो. फोर्क खुंटीवर झुलत असल्याने त्याचे आतील टोक पुढे जाते. रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाबले जाते, प्रेशर प्लेट मागे हटते आणि फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांच्यामध्ये घट्ट धरलेली क्लच प्लेट मोकळी होते. परिणामी इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सकडे जाणे थांबते.

साखळीतील प्रत्येक तरफ बल वाढवते आणि त्याच प्रमाणात अंतर घटवते. उदाहरणादाखल पेडलपासून फोर्कच्या बाहेरील टोकापर्यंतचे गुणोत्तर ५:१ आणि फोर्कचे स्वतःचे गुणोत्तर २:१ मानले, तर एकूण गुणोत्तर १०:१ होते. म्हणजे पेडल २० मि.मी. सरकले तर फोर्कचे बाहेरचे टोक ४ मि.मी. आणि बेअरिंग केवळ २ मि.मी. सरकेल. याच हिशेबाने फोर्कच्या टोकाशी असलेल्या सांध्यात १ मि.मी. ढिलाई आली तर पेडलची ५ मि.मी. चाल वाया जाईल. पेडलजवळच्या सांध्यात तेवढीच ढिलाई आली तर नुकसान पुष्कळच कमी असेल. म्हणून फोर्ककडील टोकाचे सांधे तपासताना अधिक काटेकोर राहावे लागते.

## मुक्त चाल

पेडल दाबू लागल्यापासून रिलीज बेअरिंग बोटांना टेकेपर्यंत पेडलचा जो प्रवास होतो त्याला मुक्त चाल किंवा कार्यशाळेच्या भाषेत 'फ्री प्ले' म्हणतात. या प्रकारच्या ट्रकांवर ती पेडलपाशी साधारणतः १९ ते २५ मि.मी., म्हणजे पाऊण ते एक इंच ठेवली जाते. प्रत्यक्ष मूल्य त्या त्या वर्षाच्या आणि इंजिनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेनुसार घ्यावे.

मुक्त चाल मुळीच उरली नाही तर बेअरिंग सतत बोटांना टेकून फिरत राहते व लवकर झिजते. दाब अधिक असल्यास प्रेशर प्लेटची पकड कमी होऊन क्लच घसरू लागतो. मुक्त चाल प्रमाणाबाहेर वाढली तर पेडल तळाशी टेकूनही बेअरिंग पुरेसे पुढे जात नाही आणि क्लच पूर्णपणे सुटत नाही.

क्लच प्लेट झिजते तसतशी मुक्त चाल वाढत नाही, तर कमी होते. प्लेटची जाडी घटल्यावर प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या अधिक जवळ जाते आणि त्यामुळे बोटांची आतील टोके मागे, म्हणजे बेअरिंगच्या दिशेने येतात. याउलट, सांधे आणि बुश झिजले की पेडलचा ढिलेपणा वाढतो. या दोन्ही क्रिया एकाच वेळी चालू असल्याने पेडलपाशी मोजलेले अंतर फसवे ठरू शकते. पेडलला २५ मि.मी. ढिलाई दिसत असली तरी ती सर्व झिजलेल्या सांध्यांची असेल आणि बेअरिंग मात्र बोटांना टेकलेले असेल, अशी स्थिती जुन्या ट्रकांत संभवते. म्हणूनच केवळ पेडलपाशी मोजून भागत नाही. फोर्कच्या टोकापाशीही प्रत्यक्ष ढिलाई आहे याची खात्री करावी लागते.

## दोषनिदान

### निदानाचे सूत्र

निदानाचा गाभा एका प्रश्नात सामावलेला आहे : दोष बेलहाउसिंगच्या बाहेर आहे की आत? बाहेरचा दोष लिंकेजचा असतो आणि तो गिअरबॉक्स न उतरवता दूर करता येतो. आतला दोष क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग किंवा फोर्क यांचा असतो. या दोहोंच्या सीमेवर फोर्कचे बाहेरचे टोक असते. त्यामुळे साहाय्यकाला पेडल पूर्ण दाबायला सांगून फोर्कच्या टोकाची हालचाल पट्टीने मोजणे ही सर्वांत उपयुक्त चाचणी ठरते. ही चाचणी इंजिन बंद ठेवून करावी.

* पेडल पूर्ण दाबूनही फोर्कचे टोक अपेक्षेपेक्षा कमी सरकले, तर दोष लिंकेजमध्ये आहे.
* फोर्क पुरेसा सरकतो, तरीही क्लच सुटत नाही, तर दोष आत आहे.
* समायोजनाचा दांडा सोडवल्यावरही फोर्कच्या टोकाला हाताने हलवण्याइतकी ढिलाई मिळत नसेल, तरीही दोष आत शोधावा लागतो.

दोष लिंकेजमध्ये आहे असे ठरल्यावर पेडलपासून क्रमाने एकेक सांधा पाहत जावे. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी थांबून राहते, तेथे चाल हरवत असते.

### क्लच घसरणे

चढावर किंवा भार असताना इंजिनाचा वेग वाढतो, परंतु ट्रकचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. अनेकदा जळका वासही येतो. मुक्त चाल न उरणे, प्लेट झिजणे, प्लेटवर तेल किंवा ग्रीस येणे आणि प्रेशर प्लेटचे स्प्रिंग अशक्त होणे ही कारणे होत.

खातरजमा करण्यासाठी ट्रक मोकळ्या व सपाट जागी उभा करून हातब्रेक ओढावा, चाकांना ठोकळे लावावेत, पायाचा ब्रेक दाबून धरावा आणि सर्वांत वरच्या गिअरमध्ये क्लच सावकाश सोडावा. क्लच चांगला असेल तर इंजिन लगेच बंद पडते. ते चालूच राहिले तर क्लच घसरत आहे. ही चाचणी वारंवार करू नये, कारण तिने क्लच प्लेट अतिशय तापते. ट्रकच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे नसावे.

### क्लच न सुटणे

गिअर टाकताना खरखर होते, विशेषतः रिव्हर्स गिअर टाकताना. पेडल दाबलेले असूनही ट्रक पुढे सरकू पाहतो. इंजिन संथ गतीने चालू ठेवून, पेडल पूर्ण दाबून सुमारे दहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स गिअर टाकावा. एवढ्या अवधीत मोकळी झालेली क्लच प्लेट थांबायला हवी. तरीही खरखर झाली तर क्लच सुटत नाही असे समजावे.

बाहेरील कारणांत मुक्त चाल जास्त असणे, बुश व पिना झिजणे, आडवा दंड वाकणे किंवा त्याच्या तरफेचे वेल्डिंग तडकणे यांचा समावेश होतो. पेडलखाली जाड गालिचा किंवा चटई आल्याने त्याची चाल अपुरी राहणे हेही कारण असू शकते. पेडलचा कंस ज्या पत्र्यावर बसवला आहे तो गंजून किंवा चिरून लवचीक झाला असेल, तर पायाचा जोर पत्रा वाकवण्यातच खर्ची पडतो. साहाय्यक पेडल दाबत असताना पत्र्याकडे पाहिले असता हे सहज दिसते.

आतील कारणांत प्लेट वाकणे, बराच काळ उभ्या ट्रकमध्ये प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटणे आणि फ्लायव्हीलच्या मध्यावरील पायलट बुश गिअरबॉक्सच्या दंडाला आवळून धरणे ही कारणे आढळतात. शेवटच्या दोषात प्लेट मोकळी होऊनही दंड फिरतच राहतो; लिंकेज कितीही जुळवली तरी त्यावर परिणाम होत नाही.

### आवाज

* पेडलवर हलका पाय ठेवताच सुरू होणारा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचा असतो.
* न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेले असताना येणारा आणि पेडल पूर्ण दाबताच थांबणारा आवाज बहुधा गिअरबॉक्सच्या पुढील बेअरिंगचा असतो.
* ट्रक गिअरमध्ये असताना पेडल पूर्ण दाबल्यावरच येणारा आवाज पायलट बुशचा असू शकतो.
* पेडल दाबताना येणारी करकर बहुधा कोरड्या पडलेल्या बुशांची किंवा फोर्कच्या खुंटीची असते.

### झटके आणि थरथर

क्लच सोडताना ट्रक थरथरत पुढे जातो. प्लेटवरील तेल, तापून डाग पडलेले फ्लायव्हील आणि इंजिनाचे सैल आधार ही त्याची प्रमुख कारणे. आधार सैल असेल तर भार येताच इंजिन कलते, त्यासोबत आडव्या दंडाचे इंजिनाकडील टोक सरकते आणि क्लचची पकड चालकाच्या पायाशिवायच कमी-जास्त होते.

हा प्रश्न त्या काळी किरकोळ नव्हता. इंजिनाचे रबरी आधार तुटण्याच्या दोषामुळे जनरल मोटर्सने डिसेंबर १९७१मध्ये ६० लाखांहून अधिक वाहने दुरुस्तीसाठी परत बोलावली होती आणि त्यांत काही हलके ट्रकही होते. म्हणून या ट्रकांच्या लिंकेजला हात लावण्यापूर्वी इंजिनाचे आधार तपासणे हे निदानाचे आवश्यक अंग मानावे.

### पेडल जड होणे किंवा वर न येणे

सांध्यांतील वंगण आटणे, परतीचा स्प्रिंग तुटणे, आडवा दंड कंसात अडकणे किंवा फोर्कची खुंटी कोरडी पडणे यांमुळे असे होते. पेडल एकाएकी सैल पडून तळाशी गेले, तर क्लिप निसटून एखादा दांडा सुटला असण्याची किंवा फोर्क आतील खुंटीवरून घसरला असण्याची शक्यता असते.

## समायोजन

### पूर्वतयारी व सुरक्षितता

ट्रक सपाट जमिनीवर उभा करावा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हातब्रेक ओढलेला असावा. चाकांना पुढून व मागून ठोकळे लावावेत आणि बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. ट्रक उचलावा लागल्यास तो केवळ जॅकवर ठेवून कोणीही खाली शिरू नये. चॅसीखाली भक्कम घोड्या लावणे अनिवार्य आहे. लिंकेज एक्झॉस्ट पाइपच्या जवळ असल्याने इंजिन थंड होऊ द्यावे.

त्या काळातील क्लच प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस वापरले जाई. बेलहाउसिंगमधील धूळ श्वासावाटे शरीरात जाणे फुप्फुसांना घातक असते. ती हवेच्या झोताने किंवा कोरड्या ब्रशने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि योग्य प्रतीचा मास्क वापरावा.

### तपासणी

समायोजनापूर्वी झिजलेले भाग बदलणे आवश्यक असते. झिजलेल्या सांध्यांची ढिलाई समायोजनाच्या दांड्याने भरून काढण्याचा मोह होतो, परंतु त्यामुळे बेअरिंग बोटांवर येऊन टेकते आणि एका दोषाच्या जागी दुसरा निर्माण होतो. पुढील भाग क्रमाने पाहावेत.

१. पेडलची धुरी, तिचे बुश आणि रबरी थांबा.
२. पेडलच्या दांड्याची दोन्ही टोके व क्लिपा.
३. आडव्या दंडाच्या टोकांचे बुश, गोल खुंटी आणि तरफांची लांबट झालेली छिद्रे.
४. समायोजनाच्या दांड्याचे आटे व टोक.
५. फोर्कमधील दांड्याची खोबण. ती खोल झिजलेली किंवा चिरलेली नसावी.
६. परतीचा स्प्रिंग.
७. इंजिनाचे आणि केबिनचे रबरी आधार.

बुश स्वच्छ करून वंगण द्यावे. लांबट झालेली छिद्रे वेल्डिंगने भरून पुन्हा योग्य मापाची पाडता येतात किंवा त्यांत धातूचे बुश बसवता येतात.

### क्रम

१. पेडल रबरी थांब्याला पूर्णपणे टेकले आहे याची खात्री करावी. पेडल अर्ध्यात अडकले असेल तर पुढील सर्व मापे चुकतात.
२. फोर्कचा परतीचा स्प्रिंग सोडवावा.
३. समायोजनाच्या दांड्यावरील चेक नट सैल करावा. आटे गंजले असतील तर गंज सोडवणारे तेल लावून थांबावे. जोर लावून दांडा वाकवू नये.
४. फोर्कचे बाहेरचे टोक हाताने मागे ढकलावे. बेअरिंग बोटांना टेकताच हाताला स्पष्ट अडथळा जाणवतो.
५. फोर्क त्या स्थितीत धरून दांड्याची लांबी अशी ठेवावी की लिंकेजमध्ये कोठेही ढिलाई राहणार नाही. ही शून्य मुक्त चालीची स्थिती होय.
६. आता दांड्याची लांबी थोडी थोडी कमी करत पेडलपाशी अपेक्षित मुक्त चाल मिळवावी. या रचनेत दांडा लांब केल्यास मुक्त चाल कमी होते आणि आखूड केल्यास वाढते.
७. दांडा फिरू न देता चेक नट घट्ट करावा आणि स्प्रिंग पुन्हा अडकवावा.
८. पेडल आठ-दहा वेळा पूर्ण दाबून सोडावे आणि मुक्त चाल पुन्हा मोजावी.

मोजण्यासाठी पट्टी पेडलच्या शेजारी उभी धरावी. पेडल पायाने नव्हे तर हाताने दाबावे, म्हणजे अडथळा कोठे सुरू होतो ते नेमके कळते.

### अंतिम चाचणी

बॅटरी जोडून, गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून इंजिन सुरू करावे आणि रिव्हर्स गिअरची वर दिलेली चाचणी घ्यावी. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू न देणारा सुरक्षा-स्विच पुढील काळातील वाहनांवर सर्वत्र आढळतो. जुन्या ट्रकवर तो आहे असे गृहीत धरू नये. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर कमी वेगाने ट्रक चालवून गिअर सहज पडतात का आणि भार असताना क्लच घसरतो का, हे पाहावे. क्लच तळाच्या अगदी जवळ किंवा अगदी वरच्या टोकाला पकडत असेल, तर मापे पुन्हा तपासावीत.

## समायोजन अशक्य होणे

कधी कधी दांड्याचे सर्व आटे संपतात, तरीही योग्य मुक्त चाल मिळत नाही. दांडा शक्य तितका आखूड करूनही ढिलाई मिळत नसेल, तर क्लच प्लेट बहुधा पूर्ण झिजलेली असते. अलीकडे क्लच बदललेला असूनही असे घडत असेल, तर न जुळणारे भाग बसवले गेले असण्याचा संभव असतो.

शेव्हरोलेच्या क्लचसाठी कमी आणि अधिक उंचीची अशी दोन प्रकारची रिलीज बेअरिंगे प्रचलित आहेत. डायाफ्राम प्रकारच्या प्रेशर प्लेटची बोटे काही प्रकारांत सपाट, तर काहींत बाहेरच्या बाजूस वळलेली असतात. तीन तरफा असलेल्या प्रेशर प्लेटची उंची आणखी निराळी असते. प्रेशर प्लेट एका प्रकारची आणि बेअरिंग दुसऱ्या प्रकाराचे बसवले तर फोर्क चुकीच्या कोनात राहतो व समायोजनाची मर्यादा संपते. सहा सिलिंडरचे इंजिन काढून आठ सिलिंडरचे बसवलेल्या ट्रकांतही हा प्रश्न येतो, कारण इंजिनानुसार आडवा दंड आणि त्याचे आधार वेगळे असतात. अशा वेळी दांडा वाकवून किंवा कापून काम भागवण्यापेक्षा त्या इंजिनासाठी असलेला संपूर्ण संच वापरणे श्रेयस्कर ठरते.

केबिनचे आधार गंजून केबिन एका बाजूला खचली असल्यास पेडल आणि चॅसी यांमधील अंतर बदलते. हा दोष केबिनच्या आधारांची दुरुस्ती केल्यावरच दूर होतो.

## देखभाल आणि जतन

लिंकेजची मुक्त चाल ठराविक कालावधीने तपासावी. नवीन क्लच बसवल्यावर पहिल्या काही शंभर किलोमीटरनंतर ती पुन्हा पाहणे इष्ट असते. सांध्यांना नियमित वंगण द्यावे, मात्र बेलहाउसिंगच्या आत जादा ग्रीस घालू नये, कारण ते उडून क्लच प्लेटवर येते. बेलहाउसिंगच्या खिडकीवरील रबरी आवरण शाबूत ठेवल्यास आत चिखल व पाणी जात नाही.

चालकाच्या सवयीचाही लिंकेजच्या आयुष्यावर परिणाम होतो. पेडलवर सतत पाय ठेवून चालवणे, चढावर अर्ध्या क्लचवर ट्रक तोलून धरणे किंवा सिग्नलपाशी दीर्घकाळ क्लच दाबून ठेवणे यांमुळे बेअरिंग आणि सांधे दोन्ही वेगाने झिजतात.

काही मालक यांत्रिक लिंकेजऐवजी द्रवदाबाची व्यवस्था बसवून घेतात. इंजिन बदललेल्या ट्रकांत तिचा उपयोग होतो, कारण लवचीक नळीवर इंजिनाच्या हालचालीचा परिणाम होत नाही. परंतु तिच्यात गळती, हवा शिरणे आणि सील खराब होणे असे वेगळे दोष संभवतात आणि ट्रकची मूळ रचनाही बदलते. मूळ यांत्रिक लिंकेजमध्ये प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, साध्या पान्यांनी सोडवता येतो आणि तिचे अनेक भाग आजही नव्याने बनवले जातात. बुश, पिना आणि आधार चांगल्या स्थितीत असतील तर योग्य समायोजनानंतर ती दीर्घकाळ विनातक्रार काम देते.